ज्याला धरू नये असा

म्हापशात कुणालाही ‘जिल्हा रुग्णालय कुठे’ असं विचारलं, तर तो क्षणभर थांबतो. ‘आझिलो कुठे’ म्हटलं की लगेच हात करतो. रुग्णालय नव्या इमारतीत गेलं, पाटी बदलली, पण लोकांच्या तोंडचं नाव काही बदललं नाही. एका आजारी नातलगापायी तिथे दोन दिवस काढायची वेळ आली होती. बाकावर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला मी विचारलं, आझिलो म्हणजे काय हो? ‘आझिलो म्हळ्यार आझिलो,’ तो म्हणाला, आणि एवढं साधं न कळणाऱ्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघून पुन्हा पेजेच्या डब्याकडे वळला.

आझिलो हा पोर्तुगीज शब्द. निराधार, अनाथ, म्हातारीकोतारी माणसं ठेवून घ्यायची जागा, असा त्याचा अर्थ. ज्या लॅटिन शब्दातून तो आला, त्यातूनच इंग्रजीतला ‘असायलम’ आला. गोव्यात तो दवाखान्याचं नाव होऊन बसला. मुंबई इलाख्यात इंग्रजांबरोबर आला तो ‘लुनॅटिक असायलम’ म्हणून, म्हणजे वेड्यांना कोंडायची जागा. आज इंग्रजी वर्तमानपत्रात तोच शब्द परागंदा झालेल्या पुढाऱ्याच्या किंवा जीव घेऊन पळालेल्या कुटुंबाच्या बातमीत दिसतो. मराठीत आपण अनाथाश्रम, वेड्यांचं इस्पितळ आणि राजकीय आश्रय अशी तीन निरनिराळी नावं वापरतो, त्यामुळे मुळात हा एकच शब्द आहे हे जाणवतही नाही. जाणवायला हवं, असं माझं म्हणणं आहे. कारण या शब्दाच्या वाटचालीत जे गळून पडलं, नेमकं तेच आपल्या देशाच्या कायद्यातही नाही.

शब्द मूळचा ग्रीक. ‘सिले’ म्हणजे जप्ती, हिसकावून घेण्याचा हक्क. जुन्या ग्रीक शहरांमध्ये एक रांगडी रीत होती. तुमच्या गावच्या कुणी माझे पैसे बुडवले, तर मी तुमच्या गावचा जो कुणी हाती लागेल त्याचा माल, वेळ पडली तर त्यालाच, धरून ठेवायचा. देणेकरी सापडला नाही तरी त्याचा गाववाला चालायचा. या रीतीतून ज्याला वगळलं तो ‘असिलोस’: ज्याला धरता येत नाही असा. एखाद्या व्यापाऱ्याला, नाटकमंडळींना, कधी देवळाला, कधी अख्ख्या शहराला अशी मोकळीक मिळायची आणि तसा ठराव दगडावर कोरून ठेवला जायचा. या मूळ अर्थात छप्पर नाही, जेवण नाही, कनवाळूपणा तर मुळीच नाही. धरायला पुढे आलेला हात अलीकडेच थांबला पाहिजे, एवढंच आहे.

शब्दाच्या आरंभीचा तो ‘अ’ आपल्या ओळखीचा आहे. संस्कृतातला नकाराचा ‘अ’ आणि ग्रीकातला नकाराचा ‘अ’ एकाच घराण्यातले. म्हणून या शब्दाला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द शोधायचा तर तो ‘आश्रय’ नव्हे, ‘अभय’. आश्रयात कुणाचा तरी आधार घेणं आहे, देणारा वर आणि घेणारा खाली आहे. ‘शरण’ तर मराठीत जवळजवळ हार मानण्यालाच म्हणतात. ‘थारा’ बहुधा नकारातच भेटतो: थारा दिला नाही, थारा मिळणार नाही. डोकंसुद्धा थाऱ्यावर नसतं, तेव्हाच थाऱ्याची आठवण होते. ‘पाठीशी घालणे’ म्हटलं की पाठीमागचा माणूस गुन्हेगारच असणार, हे ऐकणाऱ्याने धरून चालायचं. आणि ‘आसरा’! खेड्यात विहिरीच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड असतात, त्या साती आसरा. त्या ‘धरतात’. नवी बाळंतीण आजारी पडली की आजी म्हणायची, आसरांनी धरलंय. व्युत्पत्ती सांगणारे म्हणतील की हा आसरा आश्रयातून आला आणि त्या आसरा अप्सरांतून, दोघांचा संबंध नाही. खरं आहे. पण निवारा देणारा शब्द आणि धरून ठेवणारा शब्द बोलण्यात एकसारखा व्हावा, हे मला नेहमीच विचित्र वाटत आलं आहे. इंग्रजी शब्दाच्या बाबतीत तर ते प्रत्यक्षातच घडलं.

त्याआधी एफेससची गोष्ट. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर अर्टेमिस देवीचं जे प्रसिद्ध देऊळ होतं, तिथे पळून आलेल्याला कुणी हात लावायचा नाही असा नियम होता. पण देऊळ संपतं कुठे? भूगोलकार स्ट्रेबो सांगतो की अलेक्झांडरने ही हद्द एक स्टेडियन, म्हणजे साधारण सहाशे फूट ठरवली. पुढे मिथ्रिडेटीस राजाने देवळाच्या छपराच्या कोपऱ्यावरून बाण सोडला आणि तो जिथे पडला तिथवर हद्द नेली. बाण स्टेडियनच्या जरा पुढे गेला, असं त्याला वाटलं. मग मार्क अँटनीने हद्द दुप्पट केली, तेव्हा शहराचा एक भागच तिच्यात आला. झालं असं की गावातले सगळे चोर-दरोडेखोर तिथे जाऊन राहिले आणि गाव त्यांच्या ताब्यात गेलं. शेवटी ऑगस्टसने ती वाढीव हद्द रद्द केली. पुढे इ. स. २२ मध्ये टायबेरियसच्या काळात रोमच्या सीनेटने ग्रीक शहरांना आपापल्या देवळांच्या या हक्काचे पुरावे घेऊन बोलावलं, आणि त्यांची छाननी केली.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली. ‘सगळ्यांना घेत बसलात तर देशाचं काय होईल’ हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीही होता, आणि तो प्रश्न खोटा नव्हता. त्याचं उत्तर म्हणून त्या लोकांनी देऊळ पाडलं नाही. हद्द मोजली, कागद तपासले.

इंग्लंडात हा हक्क चर्चकडे होता. गुन्हेगार चर्चमध्ये शिरला की त्याला चाळीस दिवस कुणी ओढून बाहेर काढायचं नाही. त्या मुदतीत त्याने खटल्याला उभं राहायचं किंवा देश सोडून जायची शपथ घ्यायची. डरहॅमच्या कॅथीड्रलच्या दारावर त्यासाठीची कडी होती, सिंहासारख्या तोंडातली, आणि तिची प्रतिकृती आजही तिथे आहे. १६२४ मध्ये पार्लमेंटने ही प्रथा मोडीत काढली. शब्द मोकळा झाला आणि दीडेकशे वर्षांनी दयाळू लोकांच्या हाती लागला.

दयाळूच म्हणतो, कारण सुरुवातीला हेतू खरोखर चांगला होता. वेड लागलेल्या माणसाला साखळीने बांधून तुरुंगात टाकायचे, पैसे घेऊन त्याचा तमाशा दाखवायचे, अशा काळात कुणी तरी म्हणालं की यांनाही एक सुरक्षित जागा हवी. यॉर्क शहरात १७७७ मध्ये असं एक असायलम उघडलं. १७९० मध्ये तिथे हॅना मिल्स नावाची क्वेकर पंथाची विधवा मेली. तिच्या पंथातल्या लोकांना तिला भेटू दिलं गेलं नव्हतं. आत काय चालतं ते कुणाला कळेना, म्हणून विल्यम ट्यूक या चहा-कॉफीच्या व्यापाऱ्याने पुढाकार घेतला आणि क्वेकरांनी १७९६ मध्ये स्वतःची संस्था काढली. तिचं नाव त्यांनी जाणूनबुजून ‘रिट्रीट’ ठेवलं. उघडून वीस वर्षं होतात न होतात तोच ‘असायलम’ हा शब्द असा नासला होता.

नासला कसा, ते पाहण्यासारखं आहे. देवळाची हद्द असते ती पाठलाग करणाऱ्यासाठी. आतल्या माणसाला ती नसते, तो हवं तेव्हा बाहेर पडू शकतो, पडला तर त्याचं तो बघून घेईल. असायलमच्या भिंतीने ही दिशा उलटी केली. बाहेरचा कुणीही आत माणूस आणून टाकू शकतो आणि आतला बाहेर येऊ शकत नाही. ज्याला धरू नये, त्यालाच धरून ठेवायची जागा झाली, आणि नाव मात्र तेच राहिलं.

हिंदुस्थानात हे सगळं तयार मालासारखं आलं. कंपनीचं राज्य संपून राणीचं सुरू झालं त्याच वर्षी, १८५८ मध्ये, असायलमचा कायदा झाला. नंतर १९१२ चा लुनसी ॲक्ट. १९२० च्या दशकात सरकारी पाट्यांवरून ‘असायलम’ जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ आलं. आपल्याकडे येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि त्यांपैकी दोन गावांची नावं तर वाक्प्रचारच झाली. मुंबईत माणूस जरा वेगळं बोलला की ‘याला ठाण्याला न्यायला हवं’ आणि पुण्यात ‘येरवड्याला’. येरवड्याला तुरुंगही आहे आणि इस्पितळही, आणि बोलणाऱ्याला यातलं कुठलं म्हणायचं आहे हे विचारावं लागत नाही, कारण धमकी एकच असते.

या कैदेतून बाहेर यायला आपल्याला फार वेळ लागला. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी लावून धरलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सांगितलं की काहीही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणं घटनाबाह्य आहे. म्हणजे तोवर ठेवत होते. २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला एका खाजगी आश्रमात आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ लोक जळून गेले. साखळी नसती तर बरेचसे पळाले असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळी बंद केली, आणि त्या कायद्यातलं १९ वं कलम तर मला सोन्याचं वाटतं: घरचे नेत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्याच कारणावरून कुणालाही इस्पितळात ठेवून घ्यायचं नाही. समाजात राहणं हा त्याचा हक्क आहे. कागदावर का होईना, इथे शब्द पुन्हा मूळ अर्थाला आला. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलते, उपचार करते आणि थेट त्यांच्या गावी नेऊन सोडते. २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माझ्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट ही की ती संस्था माणसाला ठेवून घेण्यासाठी धडपडत नाही, परत पाठवण्यासाठी धडपडते.

वेड्यांच्या बाबतीत आपण इतपत पोचलो. परागंदा माणसाच्या बाबतीत अजून कृपेच्याच पायरीवर आहोत.

या पायरीचा सगळ्यात बोलका दाखला मराठी माणसाला तोंडपाठ आहे, फक्त तो ‘असायलम’चा दाखला आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ८ जुलै १९१०, मार्सेलिस. ‘मोरिया’ बोटीच्या शौचकुपाच्या खिडकीतून सावरकरांनी समुद्रात उडी घेतली, पोहत धक्क्यावर आले, पळाले. उडीचं वर्णन आपण शाळेत ऐकतो आणि तिथेच थांबतो. पळत होते ते कशासाठी? फ्रान्सच्या भूमीवर पाय लागला की इंग्रजांचा हात पोचणार नाही, या भरवशावर. फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडलं आणि मागे धावत आलेल्या बोटीवरच्या लोकांच्या हवाली केलं. सगळा प्रकार काही मिनिटांत आटोपला. पॅरिसमध्ये मादाम कामा आणि मार्क्सचा नातू जाँ लाँगे यांनी गवगवा केला, फ्रेंच सरकारला लाज वाटली, आणि प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल लागला: सावरकरांना सोपवण्यात गैर घडलं खरं, पण म्हणून ब्रिटनने त्यांना परत करायला हवं असं नाही. निकाल येण्याआधीच मुंबईत त्यांना दोन्ही जन्मठेपा सुनावून झाल्या होत्या.

सावरकरांच्या पुढच्या राजकारणाबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो, या खटल्यात एक गोष्ट डोळ्यांत भरते. वादी फ्रान्स, प्रतिवादी ब्रिटन. ज्याची मान अडकली होती तो माणूस या खटल्यात पक्षकारच नव्हता. प्रश्न होता फ्रान्सच्या भूमीचा मान राखला गेला की नाही. देवळाचा हक्क पळून आलेल्याचा राहिला नाही, तो पुजाऱ्याचा झाला. उडीच्याच वर्षी, १९१० च्या एप्रिलमध्ये, अरविंद घोष पाँडिचेरीला पोचले होते आणि फ्रेंच हद्दीत सुरक्षित राहिले. एकाच वर्षी, एकाच देशाच्या झेंड्याखाली दोन माणसांचं दोन तऱ्हेचं झालं. नियम नसला की असं होतं.

पुढे १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा केला, तेव्हाही हाच घोळ झाला. पहिल्या कलमात ‘सगळे पुरुष’ ऐवजी ‘सगळी माणसं’ हवं, हा आग्रह हंसा मेहता यांनी धरला आणि तसं झालं. चौदाव्या कलमाला असा कुणी वाली भेटला नाही. मसुद्यात होतं की छळातून पळणाऱ्याला दुसऱ्या देशात असायलम ‘मागण्याचा आणि मिळण्याचा’ हक्क आहे. ब्रिटनच्या दुरुस्तीने ‘मिळण्याचा’ हे काढून ‘उपभोगण्याचा’ घातलं गेलं. मागा, आणि मिळालंच तर उपभोगा. पंगतीत बसायचा हक्क आहे, वाढतीलच असं नाही.

१९५१ चा निर्वासितविषयक करार आणि १९६७ ची त्याची पुरवणी यांवर भारताने सही केलेली नाही. बरं, आपलं वागणं वाईट आहे का? तसं म्हणता येत नाही, आणि ते म्हणायचंही नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीने त्यांना घरांतून उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानात टाकलं होतं. तिथून सुटून ते इराणमार्गे इकडे आले. वळिवड्याला त्यांच्या बराकी होत्या, शाळा होत्या, चर्च होतं. खर्च लंडनमधल्या त्यांच्या परागंदा सरकारचा होता आणि ते इंग्रजांच्या दोस्ताचे लोक होते, तेव्हा आपल्या औदार्याची फार टिमकी वाजवू नये. पण शेजार कोल्हापूरकरांनीच दिला आणि तो त्या मुलांनी म्हातारपणापर्यंत लक्षात ठेवला. पोलिश लोक गेल्यावर त्याच जागेत फाळणीत सगळं गमावलेले सिंधी आले. आज त्या वस्तीचं नाव गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला आसपासच्या जिल्ह्यांतली माणसं जिथे जातात ती कापडपेठ हीच. दोन खंडांतल्या दोन फाळण्यांची माणसं एकाच बराकीत एकामागून एक राहिली, हे साडीचा भाव करताना कुणाच्या मनात येत नाही. येऊही नये.

उल्हासनगरचंही तसंच. कल्याणची लष्करी छावणी, तिथे सिंधी आले, १९४९ मध्ये गावाला नाव मिळालं. पंचाहत्तर वर्षं उलटली तरी पत्ता सांगताना आजही ‘कॅम्प नंबर तीन’ म्हणतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे, नोर्ग्येलिंग नावाची. हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकायला बसणारी माणसं अशाच वसाहतींतून येतात. त्याही कितीतरी आधी नवगावच्या किनाऱ्याला लागलेले बेने इस्रायली तेलाचे घाणे चालवून ‘शनवार तेली’ म्हणून रायगडच्या गावागावांत मिसळून गेले.

तेव्हा प्रश्न वागण्याचा नाही. प्रश्न हा की हे सगळं कशाच्या आधारावर चालतं. परक्यांसंबंधी आपला कायदा १९४६ चा होता. २०२५ मध्ये तो आणि त्याच्यासारखे आणखी तीन जुने कायदे रद्द करून एक नवा कायदा आला. त्यातही माणसं दोनच प्रकारची: नागरिक आणि परकीय. सहलीला आलेला जर्मन, कंपनीच्या कामाला आलेला जपानी, आणि घर जाळलं म्हणून सरहद्द ओलांडलेली बाई, तिघंही ‘परकीय’. बाकी जे काही मिळतं ते सवलतीच्या आदेशांनी: अमुक देशातून, अमुक तारखेपर्यंत आलेल्यांना अमुक माफी. तिबेटी माणूस इथे जन्मला तरी त्याचा नोंदणी दाखला पुन्हापुन्हा नवा करून घ्यावा लागतो. दिल्लीत संयुक्त राष्ट्रांचं निर्वासितांसाठीचं कार्यालय अफगाण आणि म्यानमारच्या लोकांना कार्ड देतं, पण त्या कार्डाला आपल्या कायद्यात पाया नाही. पोलिसाने मानलं तर मानलं.

याबाबतीत पेशव्यांचं दप्तर आपल्याहून पुढे होतं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही. मराठी गावात जमीन कसणाऱ्यांत मिरासदार आणि उपरी असे दोन वर्ग होते. उपरी म्हणजे बाहेरून आलेला. आज ‘उपरा’ ही शिवी आहे, तेव्हा तो कागदातला रकाना होता. त्याला मिरासदाराचा मान नव्हता, पण कौल मिळायचा: इतकी वर्षं इतका सारा, निर्धास्त राहून जमीन कसावी. ओस गावं वसवायची तर परक्या माणसाला लेखी भरवसा द्यावा लागतो, हे त्या कारकुनांना ठाऊक होतं. अभयपत्र, कौलनामा हे शब्द काही कवींनी घडवलेले नाहीत.

आजचा नमुना बघा. ५ ऑगस्ट २०२४ ला शेख हसीना ढाक्याहून विमानाने दिल्लीजवळ उतरल्या. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की त्यांनी ऐनवेळी, ‘तूर्तास’ येण्याची परवानगी मागितली. तसलीमा नसरीन गेली कित्येक वर्षं राहण्याच्या परवान्याला मुदतवाढ मागत मागत राहत आहेत. आणि जम्मूतल्या झोपडीत राहणारा रोहिंग्या मजूर. एक माजी पंतप्रधान, एक लेखिका, एक मजूर. आपल्या कायद्यात तिघांसाठीही शब्द नाही. फरक एवढाच की पहिल्या दोघींसाठी कुणीतरी फोन उचलतं.

न्यायालयांनी थोडी टेकण दिली आहे. पूर्व पाकिस्तानातून अरुणाचलात आलेल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की घटनेचं २१ वं कलम, जीविताचं संरक्षण, नागरिकालाच नव्हे तर प्रत्येक व्यक्तीला आहे. पण २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने त्यांना परत पाठवणं थांबवलं नाही, फक्त रीतसर प्रक्रिया करून पाठवा म्हटलं. प्रक्रिया कुठली? परकीयांना बाहेर घालवायची. छळ होईल का हे तपासायची प्रक्रियाच नाही, मग ती पाळणार कोण?

‘२०१९ चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा आहे ना?’ असं कुणी म्हणेल. तो तीन देश, सहा धर्म आणि २०१४ च्या शेवटच्या तारखेचा कायदा आहे, आणि तो नागरिकत्व देतो. असायलमचा प्रश्न वेगळा: तू कोण, हे त्यात नंतर येतं. तुझ्यामागे कोण लागलंय, हे आधी. आपल्या आवडत्या कथेतही हाच गोंधळ आहे. पारशी आले तेव्हा राजाने दुधाने काठोकाठ भरलेला पेला पाठवला आणि त्यांनी त्यात साखर विरघळवून परत केला, ही गोष्ट आपण फार कौतुकाने सांगतो. गोड आहे, पण नीट ऐकली तर तिच्यात अट आहे. येणाऱ्याने आपण साखर आहोत हे सिद्ध करायचं. आंबट, कडू, बिनचवीच्या माणसाच्या मागेही मारेकरी लागलेले असू शकतात.

आता एफेससच्या दरोडेखोरांकडे परत यायला हवं. कायदा केला तर लोंढा येईल, अतिरेकी घुसतील, ही भीती खोटी ठरवून मोकळं होता येत नाही. आपल्या सरहद्दी लांब आहेत, शेजारी अस्थिर आहेत, आणि बाहेरून आलेल्यांचा भार दिल्लीतल्या लेख लिहिणाऱ्यांवर नाही, सरहद्दीवरच्या गरीब जिल्ह्यांवर पडतो. पण आज कायदा नाही म्हणून लोक यायचे थांबले का? ते येतात, आणि नोंद होऊ नये म्हणून लपतात, खोटी कागदपत्रं करतात, ठेकेदाराच्या तावडीत सापडतात. लपलेल्या माणसाची छाननी करता येत नाही. असायलमचा कायदा ‘या’ म्हणण्यासाठी जितका लागतो तितकाच ‘नाही’ म्हणण्यासाठी लागतो: अर्ज कुठे करायचा, कोण ऐकणार, किती दिवसांत, अपील कुठे, आणि नाकारला तर पुढे काय. शशी थरूर यांनी २०१५ मध्ये लोकसभेत असं खाजगी विधेयक मांडलं होतं. खाजगी विधेयकांचं जे होतं तेच त्याचं झालं. त्यातली कलमं चुकली असतील तर सुधारा. पण बाण कुठवर गेला हे मोजायचंच नाही, आणि दरवेळी राजाच्या मर्जीने हद्द ठरवायची, ही पद्धत पळून आलेल्याइतकीच गावालाही धोक्याची आहे.

माझी मागणी लहान आहे. घर द्या, नोकरी द्या, नागरिकत्व द्या, हे पुढचे प्रश्न आहेत आणि त्यांवर भांडायला जागा आहे. आधी एक कलम हवं: जिथे जिवाला धोका आहे तिथे, तो धोका कुणीतरी नीट तपासेपर्यंत, कुणालाही परत ढकलायचं नाही. यात सरकारला काही द्यायचं नाही. फक्त हात थांबवायचा आहे.

आणि केंद्राच्या कायद्यांचा मराठी पाठही अधिकृतपणे निघतो, म्हणून भाषांतरकारासाठी आताच एक विनंती करून ठेवतो. नावात ‘आश्रय’ घालू नका. आश्रितांचं काय होतं ते आपण जुन्या वाड्यांतून पुष्कळ पाहिलं आहे. ‘शरण’ही नको. ‘अभय अधिनियम’ म्हणा. ऐकायला जरा जुनाट वाटेल, कचेरीतले लोक हसतील, पण ग्रीक शब्दातला तो पहिला ‘अ’ त्यात जागच्या जागी राहील.